दाहात मेदाला क्लोरीन कसा लागतो: प्रयोगशाळेत करून पाहण्याची रीत

पुवाला हिरवट छटा असते ती न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींतल्या मायलोपेरॉक्सिडेझ या विकराची (एन्झाइमची). 1941 साली अ‍ॅग्नर यांनी हे विकर वेगळे केले तेव्हा रंगावरूनच त्याला ‘व्हर्डोपेरॉक्सिडेझ’ म्हटले होते. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि साधे क्लोराइड घेऊन ते हायपोक्लोरस आम्ल बनवते. रोख जंतूंवर असतो, पण शेजारच्या पेशींचे मेदही त्यात सापडतात.

मेदाम्लाच्या दुहेरी बंधावर एका कार्बनला हायड्रॉक्सिल आणि दुसऱ्याला क्लोरीन लागला की क्लोरोहायड्रिन तयार होते. प्लास्मालोजेन या पेशीपटलातल्या मेदाचा व्हिनाइल ईथर बंध (ऑक्सिजनला लागून असलेला दुहेरी बंध) मात्र तुटतो, आणि त्यातून 2-क्लोरोहेक्साडेकॅनल हे अल्डिहाइड व लायसोफॉस्फोलिपिड (एक साखळी गमावलेला मेद) सुटतात. ही दुसरी अभिक्रिया शेकडो पटींनी वेगवान आहे. हृदयात आणि मेंदूत प्लास्मालोजेन भरपूर असल्यामुळे तिचे महत्त्व जास्त.

पहिली शिकवण फॉस्फॅटिडिलकोलीन या पेशीपटलातल्या साध्या मेदावर घ्यावी. बहुतेक प्रयोग मेदापर्यंत पोचण्याआधीच बिघडतात, कारण हायपोक्लोराइट (हायपोक्लोरस आम्लाचे क्षारीय रूप, म्हणजेच ब्लीच) वाटेतल्या दुसऱ्याच कशात तरी खर्ची पडते.

हायपोक्लोराइट मोजणे

बाटलीवरच्या टक्केवारीवर विसंबू नका. उघडलेली बाटली दर आठवड्याला कमी होत जाते. साठा 0.01 मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये 100 पट पातळ करून 292 नॅनोमीटरला शोषण पाहा. मोलर शोषणांक (1 मोलर द्रावणाचे 1 सेंमी जाडीतले शोषण) 350 धरायचा. 1 सेंमी क्युव्हेटमध्ये 0.70 आले, तर पातळ द्रावण 2 मिलिमोलर आणि मूळ साठा 200 मिलिमोलर. हे माप प्रयोगाच्या दिवशीच घ्यायचे.

त्यातून 20 मिलिमोलरचे द्रावण फॉस्फेट बफरमध्ये, पीएच 7.4 ला, वापरायच्या लगेच आधी बनवा. पीएच तपासायलाच हवा, कारण साठा अल्कधर्मी असतो. या पीएचला साधारण निम्मे आम्ल आणि निम्मे हायपोक्लोराइट असते. पीएच 5 च्या खाली क्लोराइडसोबत क्लोरीन वायू होऊ लागतो. तो श्वासाला घातक, शिवाय मेदावर वेगळीच उत्पादने देतो. म्हणून पीएच उतरवायचे आम्ल थेंबाथेंबाने, फ्यूम हूडमध्येच.

बफर 50 मिलिमोलर फॉस्फेट. ट्रिस आणि हेपेस हे नेहमीचे बफर दोन्ही बाद, कारण त्यांतले अमाइन हायपोक्लोराइट गिळतात. धातू पकडणाऱ्या ईडीटीएतही अमाइन आहेच, त्यामुळे धातू काढायला बफर चेलेक्स या धातू शोषणाऱ्या रेझिनवरून नेऊन गाळलेला बरा.

लायपोसोम आणि अभिक्रिया

पामिटॉइल-ओलेइल फॉस्फॅटिडिलकोलीन 1.52 मिलिग्रॅम म्हणजे 2 मायक्रोमोल. क्लोरोफॉर्ममधले हे द्रावण नायट्रोजनच्या झोतात सुकवा आणि निर्वातात तासभर ठेवा. क्लोरोफॉर्म एथॅनॉलने स्थिर केलेला घ्या. अ‍ॅमिलीनवाल्यात त्या स्थिरकाचाच दुहेरी बंध असतो. 1.9 मिलिलिटर बफर घालून व्होर्टेक्स करा आणि 100 नॅनोमीटरच्या पडद्यातून 11 वेळा दाबून काढा. मेदाच्या या सूक्ष्म पिशव्या म्हणजे लायपोसोम.

950 मायक्रोलिटर लायपोसोममध्ये 20 मिलिमोलर हायपोक्लोराइटचे 50 मायक्रोलिटर, ट्यूब हलवत असतानाच सोडा. म्हणजे आम्ल आणि मेद दोन्ही 1 मिलिमोलर, प्रमाण एकास एक. न हलवता सोडले तर जिथे थेंब पडला तिथे जळते आणि बाकीचा मेद कोरा राहतो. 37 अंशांना 30 मिनिटे ठेवा. उरलेला ऑक्सिडंट टीएनबी या पिवळ्या सूचकाने तपासा (पिवळा रंग फिका पडला तर शिल्लक आहे), मगच 10 मिलिमोलर मेथिओनीन हे अमिनो आम्ल घालून अभिक्रिया थांबवा.

मेथिओनीन हायपोक्लोराइटशी मेदाच्या दुहेरी बंधापेक्षा दहा लाख पटींहून वेगाने जुळते. हाच वेग दाहाच्या जागी आडवा येतो. माणसाच्या रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनाच्या एका रेणूत सहा मेथिओनीन आणि एक मोकळे सिस्टीन असते, म्हणून सीरम असलेल्या ट्यूबमध्ये क्लोरोहायड्रिन दिसले नाही तर आश्चर्य नको.

काय शोधायचे

1 मिलिलिटर नमुन्याला 3.75 मिलिलिटर क्लोरोफॉर्म-मेथॅनॉल (1:2), मग 1.25 क्लोरोफॉर्म आणि 1.25 पाणी, खालचा थर घ्या. मास स्पेक्ट्रोमीटरच्या पॉझिटिव्ह मोडमध्ये (धन आयन मोजताना) मूळ मेद वस्तुमान-भार गुणोत्तर 760.6 ला आणि क्लोरोहायड्रिन 812.6 ला दिसते. शेजारी 814.6 चे शिखर साधारण एक तृतीयांश उंचीचे हवेच, ती क्लोरीनच्या दोन समस्थानिकांची सही. 776.6 ला मोठे शिखर आले तर लगेच इपॉक्साइड लिहू नका. यंत्राच्या आयन-स्रोतात तापमान किंवा व्होल्टेज जास्त असले की क्लोरोहायड्रिन एचसीएल सोडून तिथेच येते.

प्लास्मालोजेनसाठी ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल वापरू नका. आम्लाने व्हिनाइल ईथर आपोआप तुटतो आणि साधे हेक्साडेकॅनल मिळते, क्लोरीनविना. क्लोरीन लागलेले अल्डिहाइडही टिकत नाही: ते पेशीतल्या ग्लुटाथायोन या संरक्षक रेणूला आणि अमाइनना चिकटते, पेशीत त्याचे 2-क्लोरोहेक्साडेकॅनोइक आम्ल किंवा अल्कोहोल होते. म्हणून आम्लही मोजा, निगेटिव्ह मोडमध्ये 289.2 चा आयन फोडून येणाऱ्या 253.2 च्या तुकड्यावरून. ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) लावलेले तुलनेचे मानक अर्क काढायच्या आधी घाला, नंतर नाही.

जिवंत न्यूट्रोफिलवर

दर मिलिलिटरला दहा लाख पेशी, फिनॉल रेड नसलेले हँक्स द्रावण, पेशी चेतवायला 200 नॅनोमोलर पीएमए, 37 अंश, 30 मिनिटे. जोडीला पीएमएविना एक आणि मायलोपेरॉक्सिडेझ बंद पाडणाऱ्या 1 मिलिमोलर सोडियम अ‍ॅझाइडसह एक ट्यूब. अ‍ॅझाइड कॅटालेझही (हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणारे विकर) बंद पाडते, म्हणून कॅटालेझची ट्यूब वेगळी ठेवा. बाहेर घातलेले कॅटालेझ फॅगोसोमच्या (जंतू गिळल्यावर पेशीत होणाऱ्या पिशवीच्या) आत पोचत नाही. त्या ट्यूबमध्ये क्लोरीनयुक्त मेद उरला तर तो आतला असू शकतो, आणि तेव्हा मायलोपेरॉक्सिडेझ थेट अडवणाऱ्या 4-अमिनोबेंझोइक आम्ल हायड्रॅझाइडची ट्यूब लावावी लागते. अ‍ॅझाइडचा टाकाऊ भाग आम्लात किंवा ब्लीचमध्ये ओतायचा नाही.

पेशींशिवाय, फक्त द्रावणांची एक ट्यूब शेवटपर्यंत सोबत न्या. तिच्यात 812.6 दिसले तर क्लोरीन पेशींचा नाही, काचेला उरलेल्या ब्लीचचा आहे.