तिरळेपणाचं ऑपरेशन डोळ्यापुरत्या भुलीत : आधीची तयारी

तयारी आदल्या दिवशी, पेशंटच्या खाटेपाशी सुरू होते. लहान मुलांना पूर्ण भूलच द्यायची, तो प्रश्न नाही. मोठ्या माणसाला मात्र स्पष्ट सांगा की कापलेलं दुखणार नाही, पण स्नायू ओढला की आत खोल ताण जाणवेल, कदाचित मळमळेल. हे आधी ऐकलेला माणूस टेबलावर दचकत नाही. तोंडावर कापड चालतं का, तासभर उताणं पडवतं का, नीट ऐकू येतं का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हेही तेव्हाच विचारा. जमणार नसेल तर भूलतज्ज्ञांना कळवा. पेशंटला आग्रह करू नका.

मग भुलीचा प्रकार ठरवा. पहिलंच ऑपरेशन, डोळा फिरवणारा एखाददुसरा सरळ स्नायू (रेक्टस) आणि नजर सरळ येईल तसा टाका टेबलावरच जुळवायचा असेल, तर प्रोपॅराकेनचे ०.५ टक्के बधिर करणारे थेंब मला सर्वांत आवडतात. डोळा हलता राहतो, नजर तिथल्या तिथे तपासता येते. पण ओढण्याची कळ थेंबांनी जात नाही, म्हणून हात हलका हवा. जुना व्रण असेल किंवा थायरॉइडमुळे स्नायू ताठर झाला असेल, तर सब-टेनन भूल (डोळ्याच्या गोळ्याभोवतीच्या टेनन आवरणाखाली औषध सोडणं) घ्या: नाकाकडच्या खालच्या भागात, लिंबसपासून (बुबुळ आणि पांढरा भाग मिळतात ती कड) साधारण ५ मिलिमीटरवर छोटा छेद, बोथट वाकडी कॅन्युला (बारीक नळी), २ टक्के लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध ३ ते ५ मिलिलिटर. डोळा हलायचा थांबला की जुळवणी नंतरवर जाते, हे धरून चाला. भुलीसाठी टोकदार सुई मी शक्यतो टाळते. मोठ्या मायनस नंबरच्या लांब डोळ्यात ती आरपार जाण्याची भीती असते, आणि बुपिव्हॅकेन हे भुलीचं औषध थेट स्नायूत गेलं तर त्यानेच नवा तिरळेपणा येऊ शकतो.

ऑपरेशन थिएटरमध्ये कापड टाकण्याआधी हाताला सलाइनची सुई, मॉनिटरचा आवाज चालू, अ‍ॅट्रोपिन हे नाडी वाढवणारं औषध भरून लेबल लावलेलं. स्नायू ओढला की नाडी मंदावते; अश्नेर आणि दान्यीनी या डॉक्टरांनी १९०८ साली डोळ्यावरच्या दाबाने होणारा हा परिणाम नोंदवला. भुलीने तो कमी होतो, पण गृहीत धरू नका. नाडीचे ठोके कमी झाले की आधी स्नायू सोडायचा, अ‍ॅट्रोपिन त्यानंतर.

फळ्यावर डोळा, स्नायू, मागे न्यायचा की आखूड करायचा आणि किती मिलिमीटर, हे लिहा. पहिला थेंब टाकण्याआधी कुठला डोळा ते पेशंटच्या तोंडून वदवून घ्या.