आंबियाचा ताण, विहिरीचे पाणी आणि हवाई नकाशा

काटोल, कळमेश्वर, सावनेरच्या संत्रा बागा आंबिया बहारासाठी (हिवाळ्याअखेर येणारी फुले) ताणावर सोडण्याआधी, म्हणजे पाणी बंद करण्याआधी, विहिरीचे पाणी तपासून घ्या. ताण तोडताना, म्हणजे पुन्हा पाणी सुरू करताना, ते क्षारयुक्त असले, तर ते क्षार नेमके तहानलेल्या मुळांपाशी साचतात. त्यात आपल्याकडच्या बहुतेक कलमा जंबेरी खुंटावर (कलमाचा मुळांकडचा भाग) आहेत, आणि रंगपूर लाईम या दुसऱ्या खुंटाच्या मानाने हा क्षाराला हळवा.

हेलिकॉप्टरने केलेल्या भूजल पाहणीच्या नकाशावरून खारे पाणी किंवा बोअरची जागा कळते का, असे अनेक जण विचारतात. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आणि केंद्रीय भूजल मंडळ यांनी अशा पाहणीचा पहिला प्रयोग देशात सहा ठिकाणी केला, त्यात आपल्या नागपूर जिल्ह्यातले चंद्रभागेचे पाणलोट होते (पंढरपूरची चंद्रभागा नव्हे). हेलिकॉप्टरखाली टांगलेल्या तारेच्या मोठ्या कड्यातून विजेचे झटके सोडतात आणि जमिनीतून उमटणारा प्रतिसाद मोजतात. त्यावरून शे-दोनशे मीटर खोलपर्यंत कोणत्या थरातून वीज सहज वाहते, ते कळते.

घोळ इथेच होतो. वीज खाऱ्या पाण्यातून सहज वाहते, तशी ओल्या चिकण मातीतूनही वाहते. ऑस्ट्रेलियात मरे नदीच्या काठाने अशा पाहण्या झाल्या. तिथे भूजल बऱ्याच ठिकाणी फार खारे, त्यामुळे नदीचे गोडे पाणी जिथे काठात मुरते तो पट्टा नकाशावर उठून दिसतो. आपल्याकडे वर काळी भारी जमीन, खाली बेसाल्ट. इथे नकाशावर कमी रोधाचा (वीज सहज वाहणाऱ्या थराचा) रंग दिसला की लगेच खारे पाणी समजू नये. बऱ्याचदा ती नुसती चिकण माती असते. शिवाय उड्डाणाच्या दोन रेषांत शंभर-दोनशे मीटर किंवा जास्त अंतर राहते आणि उच्चदाब तारांजवळची मोजणी बिघडते. कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला तारा किती, ते सांगायला नको. गावाचा अंदाज नकाशावरून घ्या, पण बोअरची जागा त्या एका रंगावर ठरवू नका.

विहिरीच्या पाण्याचा नमुना घेताना मोटर अर्धा तास चालू द्या. प्लास्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळून काठोकाठ भरा, गट क्रमांक आणि तारीख लिहून माती-पाणी प्रयोगशाळेत द्या. क्षारता (ईसी) ०.७ डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत असेल तर निर्धास्त ओलीत करा. ०.७ ते ३ दरम्यान जपून, निचरा पाहून द्या. ३ च्या वर संत्र्याला ते पाणी नकोच. सोडियमचे प्रमाण (एसएआर) आणि उर्वरित सोडियम कार्बोनेट (आरएससी) यांचे आकडेही मागून घ्या. आरएससी २.५ (मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटर) च्या वर गेला की काळी जमीन चोपण, म्हणजे सोडियमने घट्ट आणि निचरा न होणारी, व्हायला लागते. त्यावरच्या जिप्समची मात्रा मातीचा अहवाल पाहूनच ठरवा. हेच पाणी मे महिन्यात पुन्हा तपासा.

कन्हान, कोलार नद्यांच्या काठी विहीर असेल तर आणखी एक पाहणी फुकटात होते. विहिरीतली पातळी नदीच्या पातळीपेक्षा वर असेल तर पाणी विहिरीकडून नदीकडे चालले आहे. खाली असेल तर नदीचे पाणी तुमच्याकडे झिरपते. नागपूरचे सांडपाणी घेऊन वाहणाऱ्या नाग नदीच्या खालच्या अंगाला हे दुसरे लक्षण दिसले तर नुसत्या ईसीवर थांबू नका, सांडपाण्याची तपासणीही करून घ्या.

नवा बोअर घ्यायचाच असेल, तर आधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात गावातल्या निरीक्षण विहिरीच्या नोंदी पाहून या.