सोरायसिसच्या चट्ट्यांवर लेसर घ्यायचंय? मग असं घ्या

लेसर म्हटलं की लोकांना वाटतं काहीतरी जाळणार नाहीतर कापणार, तसं काही नसतं हो. सोरायसिसला वापरतात तो एक्सायमर लेसर, म्हणजे ३०८ नॅनोमीटरचा अल्ट्राव्हायोलेट बी प्रकाश, तो फक्त चट्ट्यावर मारतात, त्याने तिथे सूज आणणाऱ्या टी पेशी (रोगप्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) मरतात आणि नवीन कातडी बनायची जी घाई चाललेली असते ती मंदावते. बाजूची चांगली कातडी वाचते, खरा फायदा तोच.

त्यामुळे आधी चट्टे किती ते बघा. बोटांसकट आपला तळहात म्हणजे अंगाचा साधारण १ टक्का, असे १० तळहात भरतील एवढे चट्टे असतील तर लेसरने एकेक जागा करत बसण्यात अर्थ नाही, डॉक्टर दुसरं काही सुचवतील. कोपर, गुडघे, तळपाय, डोक्यात केसांखाली, अशा हट्टी जागांना मात्र हे मस्त.

पहिल्या भेटीत चालू असलेली सगळी औषधं सांगा, अगदी बीपीची गोळीसुद्धा, कारण डॉक्सिसायक्लिन किंवा हायड्रोक्लोरोथायाझाइडसारख्या औषधांनी कातडी उजेडाला जास्त भाजते. ल्युपस (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार) असेल किंवा पूर्वी त्वचेचा कॅन्सर झाला असेल तर तेही लपवू नका.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो खपल्यांचा. जाड खपलीतून प्रकाश आत जात नाही, म्हणून ती काढायला सॅलिसिलिक ॲसिडचं मलम देतात, पण गंमत म्हणजे तेच मलम अंगावर असेल तर ते स्वतःच प्रकाश अडवतं! मी सुरुवातीला शहाणपणा करून मलम लावूनच जायचो आणि फरक का पडत नाही म्हणून वैतागायचो. मलम रात्री लावा, सिटिंगच्या आधी कोमट पाण्याने धुवून टाका, ओरबाडू मात्र नका, सोरायसिसमध्ये जखम झाली की तिथे नवा चट्टा येऊ शकतो.

सिटिंग आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान ४८ तास. डोळ्यांना गॉगल हवाच, कोणी दिला नाही तर मागून घ्या. एकेका चट्ट्याला काही सेकंदच लागतात, थोडं गरम लागतं, बस. घरी आल्यावर लाली किती आली आणि किती वेळ राहिली ते लिहून ठेवा, कारण पुढचा डोस त्यावरच ठरतो. हलकी लाली येऊन दुसऱ्या दिवशी गेली तर छान, दोन दिवसांनंतरही लालभडक असेल किंवा फोड आला तर पुढच्या सिटिंगच्या आधीच फोन करून सांगा, फोड फोडू नका. मध्ये दोन-तीन आठवडे खंड पडला तर तेही सांगा, डोस कमी करून परत चढवतात.

साधारण १०-१२ सिटिंग धरून चला, जाड चट्ट्यांना जास्तही लागतात. चट्टा सपाट झाल्यावर तिथे काळपट डाग राहतो, तो हळूहळू जातो, घाबरून त्यावर गोरेपणाची क्रीम चोपडू नका. आणि आजार मुळातून जात नाही, काही महिन्यांनी परत येऊ शकतो, तेव्हा परत सिटिंग घेता येतात.

एक राहिलंच, सकाळी उठल्यावर बोटं आखडत असतील किंवा सांधे सुजत असतील तर ते लेसरचं काम नाही, ते डॉक्टरांना वेगळं दाखवा, आणि लवकर दाखवा.