बोर्दोची ड्राय व्हाइट पिताना या चुका टाळा

फ्रान्समधलं बोर्दो म्हटलं की लोकांना रेड वाइनच आठवते. कुणी तिथली ड्राय, म्हणजे गोड नसलेली, व्हाइट आणून दिलीच तर ती फ्रीजमध्ये कोंबायची, गारढोण करून पाहुण्यांपुढे ठेवायची आणि शेवटी "ठीक आहे, जरा पाणचट वाटली" असा निकाल द्यायचा. हे बघून बघून मी कंटाळलोय.

अर्थात हा पराक्रम मीही केलाय. बोर्दोतल्याच पेसाक-लेओन्याँ भागातल्या व्हाइटची एक बाटली मोज्यांमध्ये गुंडाळून पुण्यापर्यंत आणली होती. मित्र यायच्या आधी अर्धा तास ती फ्रीझरमध्ये टाकली. ओतली तेव्हा ग्लासांना दव धरलं होतं. सगळ्यांना फक्त आंबट लागली. एकजण म्हणाला, "यापेक्षा आपली नाशिकची परवडली." मीही मान डोलावली. रात्री साडेअकराला ग्लास विसळायला घेतले, तर एकात दोन घोट उरलेले. सहज नाकाशी नेला आणि थबकलो. मध, मेण, भाजलेले बदाम, मागून पपनसाची साल! सिंकपाशी उभा राहून ते दोन घोट मी संपवले. बायको म्हणाली, "उष्टं काय पितोयस?"

झालं होतं असं. या वाइनमध्ये मुख्यतः दोन द्राक्षं असतात. सोव्हिन्याँ ब्लाँ लगेच बोलतं: आंबटपणा, पपनस, हिरवा पाला. सेमियाँ मात्र सावकाश उलगडतं. तोंडात जाणवणारा भरीवपणा, मेणचट गुळगुळीतपणा आणि मधाचा वास त्याचा; चव गोड नसली तरी वास मधाचा. (मस्कादेल नावाचं तिसरं द्राक्ष फुलांच्या वासापुरतं, तेही थोडंसंच.) फार गार केलं की वास मिटतात आणि जिभेवर नुसता आंबटपणा उरतो. गारोन आणि दोर्दोन्य या नद्यांमधल्या आँत्र-द-मेरची साधी, लाकडी पिंपात न मुरवलेली वाइन 8 ते 10 अंशांना छान लागते. पिंपात मुरलेल्या पेसाक-लेओन्याँला 11-12 अंश हवेत. थर्मामीटर मी वापरत नाही. बाटली फ्रीजमधून वीस मिनिटं आधी काढतो, मे महिन्यात दहा. हाताला गार लागावी, बोचू नये. ग्लास एक तृतीयांशच भरायचा आणि अर्धा तास पुरवायचा. पहिल्या घोटावर मत देणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांना सरबत देतो.

दुसरी चूक लेबलची. बोर्दोच्याच ग्राव्ह भागातली 'ग्राव्ह' नावाची व्हाइट ड्राय असते म्हणून 'ग्राव्ह स्युपेरियर' आणखी भारी, असं समजून माझ्या एका मित्राने ती माशांबरोबर उघडली. ती गोडसर असते! जवळच्या सोतर्नची जगप्रसिद्ध गोड वाइनही याच द्राक्षांची, फक्त बुरशीने सुकवलेल्या. तेव्हा द्राक्षाचं नाव बघून भागत नाही. लेबलवर 'सेक' दिसलं तर ड्राय, 'म्वालो' दिसलं तर गोड.

नाशिकच्या सोव्हिन्याँशी तुलनाही नको. ती बहुतेक एकाच द्राक्षाची असते, ताजी असतानाच प्यायची.

तळाशी पांढरे खडे दिसले तर ती साखर नव्हे, काचही नव्हे. थंडीने साकळलेला टार्टरिक आम्लाचा क्षार आहे, निवांत प्या. आगकाडीसारखा वास आला तर ग्लास फिरवा, बहुधा जातो. पावसाळ्यातल्या ओल्या गोणपाटाचा वास मात्र जात नाही. तो बुचाचा दोष, बाटली परत करा.

उदबत्ती विझवा. अत्तर नको. शोकेसमधले ग्लास आधी नुसत्या गरम पाण्याने धुवा, कपाटाचा वास त्यांना धरतो.

बाटली पोटमाळ्यावर ठेवून 'जुनी होऊ दे' म्हणणाऱ्यांना तर मी हात जोडतो. आँत्र-द-मेर दोन-तीन वर्षांत संपवावी. चांगली पेसाक-लेओन्याँ दहा वर्षंही टिकते, पण गार, अंधाऱ्या जागी, पत्र्याखालच्या उकाड्यात नव्हे.

बरोबर खायला तांबडा रस्सा नको, तिखटापुढे ती बिचारी गप्प होते. बोर्दोकडे आर्काशाँच्या खाडीतली कालवं घेतात. आपल्याकडे कमी मसाल्याचं पापलेट चालेल. उरली तर बूच लावून फ्रीजमध्ये ठेवा. पिंपात मुरलेली दुसऱ्या दिवशी कधी कधी जास्तच खुलते. आता आमच्याकडे बायकोच विचारते, "उद्याला ठेवलीयस ना?"