नात्यासाठी वेळ काढताना या चुका टाळा

हिंजवडीतून निघून कोथरूडला पोचेपर्यंत साडेआठ होतात. मग स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, उद्याच्या डब्यांची तयारी. पुण्यातल्या नोकरदार नवरा-बायकोला एकमेकांसाठी वेळ मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. पण जो मिळतो तोही काही सवयींमुळे हातचा जातो.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे सगळं रविवारवर ढकलणं. रविवारी किराणा असतो, मुलांचा क्लास असतो, कुणाची तरी वास्तुशांत असते. आठवडाभर साचलेलं मग भांडणातून बाहेर पडतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांचं निरीक्षण केलं आणि सहा वर्षांनी त्यांची पुन्हा चौकशी केली. एकाने सहज काही म्हटलं, काही दाखवलं, तर दुसरा लक्ष देतो का, हे त्यात पाहिलं होतं. संसार टिकलेल्यांत असा प्रतिसाद ८६ टक्के वेळा मिळाला होता, घटस्फोट झालेल्यांत ३३ टक्के. ‘अगं, हे बघ ना’ म्हटल्यावर मान वर करायला काही सेकंद लागतात. त्यासाठी रविवार कशाला हवा?

म्हणून फोनकडे बघत ‘हं, बोल, ऐकतोय’ म्हणू नका. घरी आल्यावर चहा होईपर्यंत दोघांचे फोन आतल्या खोलीत ठेवा.

‘गॅस बुक केला का? फी भरली का?’ हा कारभार झाला. तो हवाच, पण तेवढ्यालाच गप्पा समजू नका. कारभाराची यादी फ्रिजवर लावा आणि जेवताना दिवस कसा गेला ते विचारा.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. बायको रात्री दहापर्यंत ओट्याशी उभी असेल, तर ‘तू मला वेळच देत नाहीस’ म्हणणं अन्याय आहे. आधी भांडी घासायला घ्या. बोलणं तिथेच सुरू होतं.

घरात आई-बाबा असले की दोन खोल्यांत मोकळं बोलता येत नाही. त्यासाठी दूध आणायचं निमित्त शोधू नका. ‘आई, आम्ही जरा तळजाईला फिरून येतो’ असं सरळ सांगा. शेजारी शेजारी चालताना अबोल माणूसही बोलू लागतो. ‘काय झालं, सांग ना’ असा तगादा मात्र लावू नका.

दर वेळी त्याच हॉटेलबाहेर नंबर लावून ताटकळत बसणं हीसुद्धा चूकच. मानसशास्त्रज्ञ आर्थर एरन आणि सहकाऱ्यांच्या २००० सालच्या प्रयोगांत एकत्र काही नवं, उत्साह वाढवणारं केलेल्या जोडप्यांना आपलं नातं अधिक समाधानाचं वाटलं. वनाजला मेट्रोत बसा, रामवाडीला उतरा, त्या भागात कधी न पाहिलेल्या गल्ल्या हिंडा.

दोघांच्या शिफ्ट उलट्या असतील तर रात्रीचं जेवण एकत्र करण्याचा हट्ट सोडा. एकजण घरी येतो आणि दुसरा निघतो, त्या मधल्या वेळेत पोहे एकत्र खा.