लहान होडीतून दक्षिण महासागरात आपले ठिकाण कसे काढावे

वेडेल समुद्रातल्या बर्फाने ‘एन्ड्युरन्स’ जहाज चिरडले, त्यानंतर २४ एप्रिल १९१६ रोजी कप्तान फ्रँक वर्स्ली, मोहिमेचे नेते शॅकल्टन आणि आणखी चौघे एलिफंट बेटावरून साडेबावीस फुटी होडीने सुमारे ८०० सागरी मैलांवरच्या साउथ जॉर्जिया बेटाकडे निघाले. वाटेत वर्स्लींना सूर्य जेमतेम चार वेळा टिपता आला, म्हणून त्यांची रीत नीट समजून घेण्याजोगी आहे.

घड्याळ अंगाशी, कपड्यांच्या आत ठेवावे. ते चार सेकंद चुकले की रेखांश एक कलेने (अंशाच्या साठाव्या भागाने) चुकतो; ५४ अंश दक्षिणेला पूर्ण मिनिटाची चूक म्हणजे जवळपास नऊ सागरी मैल.

सूर्य दिसताच बाकावर गुडघे टेकून बसावे आणि दोन्ही बाजूंनी दोघांनी आपल्याला घट्ट धरावे. होडी दोन लाटांच्या मधल्या खळग्यात असताना जी कड दिसते ती क्षितिज नसून पुढची लाट असते. त्यामुळे होडी लाटेच्या माथ्यावर चढेल त्याच क्षणी सेक्स्टंटमधले (क्षितिजापासून सूर्याची उंची कोनात मोजणाऱ्या उपकरणातले) सूर्यबिंब क्षितिजाला टेकवावे आणि मोठ्याने ओरडावे. आडोशाला बसलेल्या सोबत्याने, म्हणजे या होडीत खुद्द शॅकल्टन यांनी, त्याच क्षणी घड्याळातली वेळ टिपावी. धुक्याने बिंबाची कड पुसट झाली असेल, तर अंदाजाने बिंबाचा मध्य क्षितिजावर आणावा. मध्यान्हीच्या उंचीवरून अक्षांश आणि इतर वेळच्या उंचीवरून, घड्याळाच्या आधारे, रेखांश मिळतो. या गणितासाठी लागणाऱ्या कोष्टकांची ओली पाने मात्र हलक्या हाताने सोडवावीत.

सूर्य नसेल त्या दिवशी दिशा, वेग आणि वाऱ्याने झालेली घसरण वहीत मांडत राहावे. हा हिशेब कंटाळवाणा असला तरी बहुतेक दिवस होडी त्याच्याच भरवशावर चालते.

आपल्या आकड्यांत दहा मैलांचा फरक असू शकतो, असे वर्स्लींनी सांगितल्यावर शॅकल्टन यांनी बेटाचा पश्चिम किनारा धरला, कारण पश्चिमेच्या वाऱ्यात बेट हुकून होडी पूर्वेला गेली असती, तर परतणे अशक्य होते. चूक किती होऊ शकते हे कप्तानाने असे उघडपणे सांगावे, हे मला सेक्स्टंटइतकेच महत्त्वाचे वाटते.

वाहत आलेले समुद्रशेवाळ आणि किनाऱ्यापासून फार लांब न जाणारे पाणकावळे दिसले, की जमीन जवळ आली असे समजावे. तरीही अंधारात अनोळखी खडकांकडे होडी घालू नये. ८ मे रोजी बेट दिसूनही त्यांनी ती रात्र समुद्रातच काढली, दुसऱ्या दिवशी वादळ सोसले आणि १० मे रोजी किंग हाकोन उपसागरात पाय टेकले.