पहिलं काम टाकण्याआधी टास्कवॉरियरची तयारी

टास्कवॉरियर म्हणजे टर्मिनलमध्ये आज्ञा टाइप करून कामांची यादी सांभाळायचं टूल. सुरुवात आवृत्ती पाहण्यापासून करा. मार्च 2024 मध्ये आलेल्या 3.0 पासून टास्कवॉरियर कामं साध्या मजकुराच्या फायलींऐवजी एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये साठवतो. त्यामुळे एका मशीनवर 2.6 आणि दुसऱ्यावर 3 अशी सरमिसळ चालत नाही. जुनी यादी असेल तर अपग्रेडच्या आधीच, जुन्या आवृत्तीतून 'एक्स्पोर्ट' करून जेसन फाइल (सगळी कामं मजकूर रूपात असलेली) बाजूला ठेवा आणि नव्या आवृत्तीत ती 'इम्पोर्ट' करा. हे राहून गेलं की अपग्रेडनंतर यादी रिकामी दिसते आणि पोटात गोळा येतो. जुन्या फायली जागेवरच असतात, पण त्या परत आणायच्या तर आणखी एक संध्याकाळ त्यातच जाते.

डेटाचा फोल्डर क्लाउडशी आपोआप जुळवल्या जाणाऱ्या जागेत ठेवू नका. डेटाबेसमध्ये लिहिणं चालू असताना त्याची अर्धीमुर्धी प्रत वर गेली, तर दुसऱ्या मशीनवर ती बिघडलेलीच उतरते. दोन मशीन असतील तर टूलचा स्वतःचा सिंक (दोन्हीकडची यादी जुळवणारी सोय) वापरा आणि पुन्हा पुन्हा येणारी कामं तयार करण्याची जबाबदारी एकाच मशीनवर द्या. बाकीच्यांच्या कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलीत) 'रिकरन्स' बंद करा, नाहीतर तेच काम दोनदा उगवतं.

आता ज्यावर यादीचं बरंवाईट ठरतं ते, म्हणजे मुदती. 'नेक्स्ट' रिपोर्टमधला, म्हणजे पुढच्या कामांच्या यादीतला क्रम अर्जन्सीच्या (तातडीच्या) आकड्यावर ठरतो आणि त्यात मुदतीचा वाटा जास्तीत जास्त 12 असतो. मुदत दोन आठवड्यांहून लांब असेल तर 2.4 मिळतात, मुदतीच्या क्षणी साधारण 8.8, आणि उलटून सात दिवस झाले की पूर्ण 12. उच्च प्राधान्याला मात्र 6 च. आता समजा, 'कपाट आवरणे' याला निव्वळ हुरूप यावा म्हणून मागच्या सोमवारची मुदत दिली होती. आठवडा उलटल्यावर ते 12 घेऊन वर बसतं आणि उद्या खरोखर भरायचा विम्याचा हप्ता साधारण 8.3 वर, त्याच्या खाली जातो. अशा चार-पाच खोट्या मुदती जमल्या की यादीचा वरचा भाग लाल होतो आणि माणूस यादी उघडायचंच सोडतो. म्हणून नियम एकच ठेवा: चुकली तर पैसे, परवाना किंवा शब्द जाणार असेल, त्याच तारखेला 'ड्यू' (मुदत) द्या. 'त्या दिवशी हात घालू' एवढंच म्हणायचं असेल तर 'शेड्यूल्ड' आहे, आणि तोवर डोळ्यांसमोर नको असेल तर 'वेट'.

'वेट' नीट शिकून घ्या, या टूलची निम्मी किंमत त्यात आहे. पासपोर्टची मुदत 15 जूनला संपत असेल, तर 'ड्यू' मध्ये 15 जून आणि 'वेट' मध्ये 'ड्यू उणे 60 दिवस' असं लिहिता येतं. काम एप्रिलच्या मध्यात आपोआप समोर येतं, तोपर्यंत यादीत दिसत नाही. झाकून ठेवलेलं विसरू नये म्हणून आठवड्यातून एकदा 'वेटिंग' रिपोर्ट चाळा.

तारखेतली एक खोच बहुतेकांना लागते. नुसतं 'फ्रायडे' लिहिलं तर मुदत शुक्रवार उजाडण्याआधीची, रात्री बाराची धरली जाते. शुक्रवारी सकाळी चहा घेता घेता यादी उघडली तर काम आधीच मुदत उलटलेलं दिसतं. वेळ सोबत लिहा, म्हणजे 18:00 म्हटलं की 18:00. दरमहा येणाऱ्या कामाला 'रिकर' सोबत 'ड्यू' लागतोच. आणि तीन महिने हात लावला नाही तर मागच्या तीन महिन्यांची तीन कामं एकदम समोर उभी राहतात.

प्रोजेक्टची नावं आधी कागदावर ठरवा, पाच ते सात पुरेत. 'घर' आणि 'घरकाम' दोन्ही झाले की गाळणी (फिल्टर) बिघडते. टॅग आणखी कमी ठेवा, फक्त जागा किंवा साधन सांगणारे: फोन, संगणक, बाहेर.

शेलची, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामची सवय करून घ्या. कंस, तारांकित चिन्ह, डॉलर, अर्धविराम यांचा अर्थ शेल स्वतः लावतो. वर्णनात ती चिन्हं असतील तर सगळं वर्णन एकेरी अवतरणात घाला. एंटर दाबल्यावर नुसतं '>' चिन्ह येऊन थांबलं तर अवतरण बंद करायचं राहिलंय. कंट्रोल-सी दाबून पुन्हा लिहा.

क्रमांकांवर फार विसंबू नका. कामं पूर्ण झाली की रिपोर्ट चालवताना उरलेल्यांना नवे क्रमांक मिळतात. सकाळी पाहिलेला 7 दुपारी दुसऱ्याच कामाचा असू शकतो. काम मिटवणारं 'डन' देण्याआधी यादी ताजी करून पाहा, आणि स्क्रिप्टमध्ये क्रमांकाऐवजी यूयूआयडी (प्रत्येक कामाची न बदलणारी ओळख) लिहा. त्याची पहिली आठ अक्षरं चालतात. चुकीचं काम मिटलंच तर सिंक करण्याआधी 'अनडू' द्या.

शेवटी बॅकअप. रोजच्या 'एक्स्पोर्ट'ची ओळ क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या सोयीत) टाका आणि फाइलच्या नावात तारीख येऊ द्या. मग एकदा रिकाम्या डेटा फोल्डरवर ती फाइल 'इम्पोर्ट' करून पाहा आणि कामांची संख्या मूळ यादीशी जुळते का ते मोजा.